तीन वॉल्टर स्टॅनिफर्थ

नाटकाचं पोस्टर शुक्रवारी दुपारी छापखान्यात जाणार होतं आणि आज मंगळवार होता. वॉल्टचा पाय घरात ठरत नव्हता. शेफील्डच्या त्या भाड्याच्या खोलीत तो सकाळपासून खिडकी ते दार आणि दार ते खिडकी असा फिरत होता. शेवटी खालून घरमालकीण मिसेस ऑलरॉइडने झाडूच्या दांड्याने छत ठोकलं.

"डॉक्टरसाहेब, तालीम थिएटरात करा की! इथे माझ्या चहात चुना पडतोय."

तिच्या लेखी तो डॉक्टर होता. साऱ्या देशाच्याच लेखी होता म्हणा. सात वर्षं दर रविवारी संध्याकाळी टीव्हीवर तो एका खेड्यातला प्रेमळ डॉक्टर व्हायचा आणि पडद्यावर नाव यायचं, ज्युलियन पेनरोज. बाजारात बायका त्याला अडवून आपले गुडघे दाखवायच्या, आणि तोही दुष्ट नव्हता, बघायचा. पण पंधरा मैलांवर हॅगवर्थ नावाच्या खाणीच्या गावात एक माणूस असा होता की ती मालिका सुरू झाली रे झाली की उठून परसातल्या कबुतरांच्या खोपटात जाऊन बसायचा. तो वॉल्टचा बाप. त्याचं नाव वॉल्टर स्टॅनिफर्थ. मुलाचं जन्मनावही तेच. एका घरात दोन वॉल्टर नकोत म्हणून धाकट्याला वॉल्ट म्हणत, एवढंच.

भांडण नावाचंच होतं. नटांच्या युनियनचा नियम असा की एका नावाचा एकच नट. मागून येणाऱ्याने दुसरं नाव शोधायचं, मग पहिलं बापाने ठेवलेलं असो नाहीतर आजोबाने. तेवीस वर्षांपूर्वी, म्हणजे चौसष्ट साली, बावीस वर्षांचा वॉल्ट लंडनला कार्ड काढायला गेला तेव्हा खिडकीतल्या बाईने जाडजूड वही उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाली, "वॉल्टर स्टॅनिफर्थ आहेत आमच्याकडे. पंधरा वर्षं झाली. दुसरं सांगा."

"दुसरं नाही हो माझ्याकडे."

"मग शोधा. पाचला मी खिडकी लावते."

पाचला दहा कमी होते. तिच्या टेबलावर एक पेन पडलं होतं आणि पाण्याच्या ग्लासात गुलाबाचं एक फूल होतं. पेन आणि रोज. झालं पेनरोज. ज्युलियन कुठून आलं ते त्याला स्वतःलाही कधी सांगता आलं नाही.

घरी पत्र गेलं. सुट्टीत तो हॅगवर्थला आला तेव्हा बाप म्हणाला, "पेनरोज? हा तर अंगाला लावायचा साबण झाला." सगळे हसले. मग बाप हसायचा थांबला आणि म्हणाला, "तुझ्या आईचं माहेरचं नाव होतं की. हॉब्सन. ते नाही सुचलं?" वॉल्ट बुटाची नाडी बांधायला लागला. "बरं," बाप म्हणाला, "ज्या दिवशी आपलं नाव पाटीवर लागेल त्या दिवशी येईन तुझं नाटक बघायला." म्हातारा बोलला ते बोलला. संप झाला, खाण बंद पडली, आई गेली, वॉल्ट लंडनच्या मोठमोठ्या रंगमंचांवर उभा राहिला, सिनेमात दिसला. बाप काही आला नाही.

आणि आता बहीण ब्रेंडाचा फोन आला होता. "छातीत कोळशाची धूळ भरलीय, वॉल्ट. डॉक्टर म्हणतात नाताळ दिसला तर दिसला. खरे डॉक्टर म्हणतात, तू नव्हे." सारी हयात बाहेर गेलेल्या वॉल्टला नेमकं याच हंगामात शेफील्डच्या थिएटरने मुख्य भूमिकेसाठी बोलावलं होतं. घरापासून पंधरा मैल. याहून जवळ नाटक येणार नव्हतं आणि यापुढे बापही असणार नव्हता. वॉल्टने युनियनला फोन केला. उत्तर मिळालं, की नाव ज्याचं आहे त्याने सही करून सोडलं तरच. फॉर्म टपालाने आला, सोबत पत्ता: स्कारबरो.

बुधवारी तालमीत तो दोनदा संवाद विसरला आणि तिसऱ्यांदा दुसऱ्याचाच बोलून गेला. दिग्दर्शक तरुण होता पण मनाने मोठा होता. म्हणाला, "मिस्टर पेनरोज, तुम्ही आज असे काही फिरताय की मला खुर्च्यासुद्धा हलताना दिसतायत. जा, कुठेतरी वारा खाऊन या." वॉल्ट अंगावर कोट चढवत तसाच स्टेशनावर पळाला.

यॉर्कला गाडी बदलेपर्यंत तो जागेवर बसलाच नाही. मनात बोलणी जुळवत होता. पडेल म्हातारा नट, वर्षानुवर्षं काम नाही, नाव नुसतं कवटाळून बसलेला. चार गोड शब्द बोलायचे, डॉक्टरचा आवाज लावायचा, सही घ्यायची. पाचच्या गाडीने परत.

समुद्रापासून दोन गल्ल्या आत, तळलेल्या माशांच्या दुकानावर ती खोली होती. दारावर पुठ्ठ्याचं कार्ड टाचलेलं होतं आणि त्यावर वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: वॉल्टर स्टॅनिफर्थ, नट. स्वतःचं नाव परक्याच्या दारावर वॉल्टने दोनदा वाचलं. त्याने दार वाजवलं.

दार उघडणारा माणूस साठीचा, उंच, काटकुळा होता. गळ्यात जांभळा रुमाल होता. त्याने वॉल्टला नखशिखांत पाहिलं.

"या. दार लोटून घ्या, वाऱ्याने आपटतं. बराच उशीर केलात."

"मी येणार असं कळवलं नव्हतं..."

"आजचं नाही म्हणत, राजा. मी आठ वर्षं वाट बघतोय." त्याने कपाटाच्या खणातून वर्तमानपत्राचं एक कात्रण काढलं, चष्मा लावला आणि भरदार आवाजात वाचलं, "'माझं खरं नाव एका पडेल म्हाताऱ्याने अडवून ठेवलंय, असं ज्युलियन पेनरोज हसत हसत म्हणाले.' पडेल, ठीक आहे. म्हातारा, तेही ठीक. पण अडवून ठेवलंय हे काही बरोबर नाही हं."

"मी तसं बोललो नव्हतो. म्हणजे, बोललो होतो, पण..."

"खोटं बोलताना नटाने 'म्हणजे' म्हणू नये. लगेच पकडला जातो. बसा. चहा घेता ना?"

चहा झाला. वॉल्ट दोनदा उठून खिडकीशी गेला. म्हातारा त्याला आपली कारकीर्द सांगत होता आणि त्यात कुरकुर अशी नव्हतीच. आयुष्यभर त्याने दारं उघडली होती. हवेलीतला नोकर होऊन "बाईसाहेब, पाहुणे आलेत" म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. कधी पोलीस व्हायचं, कधी पाद्री, आणि एकदा पडद्यामागून घोडासुद्धा. "पण कार्यक्रमपत्रिकेत नाव असायचं. सगळ्यात शेवटी असेल, पण असायचं. अकरा वर्षांत कुणी बोलावलेलं नाही. तरी दर जानेवारीत मी युनियनचं कार्ड नवं करून घेतो. का विचाराल तर मला नाही सांगता येणार."

वॉल्टने मग सगळं सांगितलं. डॉक्टरचा आवाज लावायचा होता, पण तो काही लागेना. सांगता सांगता त्याच्या तोंडात गावाकडची बोली यायला लागली. बापाची छाती, पाटीवरचं नाव, शुक्रवारचा छापखाना, सगळं. "हॅगवर्थला असतात ते," तो म्हणाला.

म्हाताऱ्याने कप खाली ठेवला.

"हॅगवर्थ? तुझे वडील क्रिकेट खेळायचे का रे? वेगवान गोलंदाज?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"अरे देवा," म्हातारा म्हणाला आणि खाली बसला. मग उठला. आता दोघांनाही बसवेना.

"मी स्टॅनिफर्थ नाही," तो म्हणाला. "मी सेसिल पॉट. पॉट, म्हणजे मडकं. हस, हस, शाळेतसुद्धा सगळे हसायचे. एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात आमची फिरती मंडळी तुमच्या गावात आली होती, खाणवाल्यांच्या हॉलमध्ये आठवडाभर नाटकं. मी चोवीस वर्षांचा होतो, नवाकोरा. युनियनचा फॉर्म खिशात घेऊन हिंडत होतो आणि नावाच्या रकान्यात पॉट लिहायचा धीर होत नव्हता. शनिवारी आम्ही सामना बघायला गेलो. एक माणूस धावत यायचा आणि पलीकडचा फलंदाज नुसता त्याला येताना बघूनच अर्धा व्हायचा. सात गडी घेतले. दर वेळी लोक ओरडायचे, वॉल्टर स्टॅनिफर्थ! मला वाटलं, असं नाव असलं तर माणूस कुठल्याही रंगमंचावर ताठ उभा राहील. संध्याकाळी गुत्त्यात मी सरळ त्याच्यासमोर गेलो आणि म्हणालो, तुमचं नाव मला वापरायला द्याल का?"

"मग?"

"मग काय, सगळा गुत्ता हसला. तो म्हणाला, घेऊन जा की. खाणीत मला नंबराने ओळखतात, नाव नुसतं पडूनच आहे. आणि बीअर पण त्यानेच पाजली."

वॉल्ट खाटेवर बसला. तेवीस वर्षं. आईच्या अंत्यविधीलाही बाप त्याच्याशी दोन वाक्यांपलीकडे बोलला नव्हता. आणि नाव बापाने स्वतःच्या हाताने, एका बीअरवर, वाटून टाकलेलं होतं!

"आण तो फॉर्म," सेसिल म्हणाला. "ज्याचं त्याला गेलं पाहिजे." त्याने फॉर्म टेबलावर सपाट केला, पेन घेतलं आणि थांबला. "एकच विचारतो. खालच्या दुकानातली बाई रोज सकाळी म्हणते, गुड मॉर्निंग मिस्टर स्टॅनिफर्थ. सोमवारपासून तिला काय सांगू?"

तो टोमणा नव्हता, त्याला खरंच उत्तर हवं होतं. पेनचं टोक कागदापासून बोटभर वर होतं. वॉल्टला वाटलं, एक मिनिट गप्प राहिलो तर हा सही करील. नुसतं गप्प राहायचं, आणि गप्प राहणं त्याला चांगलं जमायचं. त्याबद्दल त्याला बक्षिसं मिळाली होती. पण त्याच्याच्याने राहवेना. त्याने हात पुढे केला आणि फॉर्म ओढून घेतला.

"राहू द्या."

"मग वडील नाही यायचे रे."

"नाही यायचे," वॉल्ट म्हणाला आणि जिना उतरला.

परतीच्या गाडीत तो नुसता धुमसत होता. आधी म्हाताऱ्या सेसिलवर, मग स्वतःवर, आणि यॉर्कपासून पुढे पूर्णपणे बापावर. गुरुवारी तालीम संपल्यासंपल्या त्याने हॅगवर्थची बस पकडली. दारात ब्रेंडा उभी होती. तिने त्याचा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "भांडायला आला असशील तर हळू आवाजात भांड. त्यांचा श्वास पुरत नाही." आणि ती कबुतरांना दाणे टाकायला परसात गेली.

बाप शेगडीजवळच्या खुर्चीत होता. एवढा धिप्पाड माणूस, आता नुसती हाडं उरली होती. वॉल्ट त्याच्यासमोर येरझारा घालायला लागला.

"बस," बाप म्हणाला. "सतरंजी झिजवू नको."

"बाबा, एकोणपन्नास साली तुम्ही गुत्त्यात एका नटाला आपलं नाव दिलंत का?"

बापाने कपाळाला आठ्या घातल्या. मग हळूहळू त्या गेल्या. "पांढऱ्या बुटांचा? बांबूसारखा उंच? हो, हो, आला होता. म्हणाला तुमचं नाव द्या. मी म्हटलं घेऊन जा." तो हसायला लागला आणि हसण्याचा खोकला झाला. वॉल्टने पाणी दिलं. म्हातारा दोन घोट प्यायला आणि मग एकदम त्याच्या लक्षात आलं. "तो? तोच तो?"

"तोच. मी काही टाकलं नव्हतं तुमचं नाव! तुम्हीच देऊन मोकळे झाला होतात. आणि तेवीस वर्षं मी ऐकून घेतोय."

"असं म्हणतोस." बापाने पाण्याचा पेला खाली ठेवला. "बरं. ही चूक माझी. मी मानतो. कसा होता रे तो? नट म्हणून?"

"दारं उघडायचा."

"चांगली उघडायचा?"

वॉल्टला हसूही आलं आणि रागही आला. "असेल. मी नाही पाहिलं कधी."

"मीही तुला नाही पाहिलं," बाप म्हणाला. "आता मला एक सांग. त्या बाईने खिडकीतून सांगितलं की हे नाव मिळणार नाही, तेव्हा तुला कसं वाटलं?"

वॉल्टने तोंड उघडलं. वाईट वाटलं, हे वाक्य तयार होतं. मुलाखतीत त्याने ते कितीदा म्हटलं होतं, थोडा आवाज कापवून. बाप बघत होता. त्या खोलीत अभिनय चालणार नव्हता.

"बरं वाटलं," वॉल्ट म्हणाला. "सुटल्यासारखं वाटलं. हे घर, कोळसा, माझी बोली, तुमचा तो खाणीतला नंबराचा बिल्ला, सगळ्यातून एका मिनिटात सुटलो असं वाटलं. रस्त्यावर आलो आणि शीळ घालत चालायला लागलो. आईचं नाव सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं. नको वाटलं."

बोलून झाल्यावर तो अखेर खाली बसला.

"माहीत होतं मला," बाप म्हणाला. "तुझं पत्र आलं ना, त्यात लिहिलं होतंस की फार वाईट वाटतंय, नाइलाज झाला. आणि पत्राच्या पाठीमागे नव्या नावाची सही गिरवून पाहिली होतीस. पाच वेळा. पाचवी चांगली जमली होती, खाली शेपटी काढली होतीस." त्याने दम घेतला. "वाईट वाटलेला माणूस सही नाही गिरवत, वॉल्ट. मला नावाचं काय, ते मी बीअरबरोबर देतो. मला खोटं नको होतं."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो." म्हाताऱ्याने डोळे मिटले. "जा आता. बस चुकेल तुझी."

येतो म्हणाला नाही, नाही येत असंही म्हणाला नाही. शुक्रवारी पोस्टर छापून आलं. त्यावर ठळक अक्षरात ज्युलियन पेनरोज असंच होतं.

नाटक उभं राहिलं आणि बरं चाललं. पण वॉल्टला चैन पडेना. तोंडाला रंग लावून झाला की तो कलाकारांच्या मागच्या दारापर्यंत जिना उतरायचा, कुणी नाही बघून वर जायचा, पुन्हा उतरायचा. दारावरचा क्लॅरन्स, जुना चष्मेवाला पहारेकरी, एकदा वैतागून म्हणाला, "साहेब, दार राखायला थिएटरने मला नेमलंय. तुम्ही रंगमंच बघा." घरून फोन आला की वॉल्ट धावत जाऊन उचलायचा. दर वेळी ब्रेंडा नुसतं विचारायची, "जेवलास का?"

तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी दुपारचा प्रयोग होता. दोनचा. दीड वाजायच्या सुमाराला वॉल्ट असाच जिन्याच्या वळणावर आला आणि थबकला. खाली दार उघडं होतं. ब्रेंडाच्या खांद्याचा आधार घेत कुणीतरी उंबऱ्याच्या तीन पायऱ्या चढत होतं. एक चढायचा, थांबायचा, मग दुसरी. अंगात लग्नाकार्यातला काळा कोट होता आणि तो दोन माप मोठा दिसत होता.

"पुढच्या दाराला फार पायऱ्या आहेत हो," ब्रेंडा क्लॅरन्सला म्हणाली. "म्हणून इकडून आलो."

"येऊ द्या की, पण वहीत लिहावं लागतं." क्लॅरन्सने वही ओढली. "कुणाकडे आलात?"

"स्टॅनिफर्थकडे," म्हातारा म्हणाला. सवयीनेच गेलं तोंडातून.

"त्या नावाचं इथे कुणी नाही, आजोबा."

ब्रेंडा बोलणार होती, म्हाताऱ्याने हात वर करून तिला थांबवलं. वरून एक हाक मारली असती तरी भागलं असतं. वॉल्टने कठडा घट्ट धरला. खाली बाप श्वास गोळा करत होता.

"पेनरोज," तो म्हणाला. पुन्हा दम घेतला. "ज्युलियन पेनरोज. माझा मुलगा आहे तो."

क्लॅरन्स उभाच राहिला. "अहो, डॉक्टरांचे वडील तुम्ही! बसा, बसा मिस्टर पेनरोज, ही खुर्ची घ्या."

"पेनरोज तो. मी वॉल्टर स्टॅनिफर्थ. नीट लिहा."

क्लॅरन्सने लिहायला घेतलं आणि मग चष्म्यावरून पाहिलं. "बाप स्टॅनिफर्थ, मुलगा पेनरोज. असं कसं हो?"

"त्याला नाव हवं होतं तेव्हा ते मी आधीच एकाला देऊन बसलो होतो," म्हातारा म्हणाला. "लिहा."